रोमेडच्या सुया

आमच्या डोंगरावर घरं दोनच, माझं आणि रोमेडचं. मधल्या कुंपणाला लागून त्याचा लार्च, सुयांसारख्या पानांचं उंच झाड. ऑक्टोबरात तो पिवळाधमक होतो आणि आठ-दहा दिवसांत सगळ्या सुया गाळून मोकळा. गाळतो कुठे, तर माझ्या कुरणात. इकडचा रिवाज असा, की झाड ज्याचं, सुया त्याच्या. गोठ्यात अंथरायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, आणि माझ्या दोन गाई बिचाऱ्या उघड्या फळ्यांवर झोपतात. त्यावरून मी तीस वर्षं भांडले.

"कुरण माझं, तर पडलेलं माझं!"

"झेन्झी, उद्या माझी टोपी उडून पडली तर तीही तुझीच का?" दाताळ्याने सुया ओढता ओढता तो म्हणायचा.

"तुझी टोपी गाईसुद्धा अंगाखाली घ्यायच्या नाहीत."

रोमेड मार्चमध्ये गेला. यंदा सुया पडल्या त्या तशाच राहिल्या. त्यांना हात लावायचा मला धीर होईना. वर्षातून तेवढेच दिवस माझ्याशी कोणी बोलत होतं, हे मला आता कळलं.

शनिवारी त्याचा पुतण्या एल्मार घर रिकामं करायला आला. मी तरातरा कुंपणाशी गेले.

"सुया कधी उचलणार? तुझ्या आहेत त्या. दर वर्षी यावं लागेल, सांगून ठेवते."

"मला काय करायच्यात, झेन्झीकाकू? घर विकलं. तुम्हीच घ्या सगळ्या."

हेच ऐकायला मी तीस वर्षं घसा फोडला होता.

"पण मागच्या ढिगाचं काय करू?" तो म्हणाला.

रोमेडच्या गोठ्यामागे माझ्या उंचीचा सुयांचा ढीग होता. वरून तांबूस, खाली कुजून काळा. रोमेडने गाय विकून नऊ वर्षं झाली होती. लबाड सुया गावात विकत असेल, असं मी धरून चालले होते.

"एकही पोतं वापरलेलं नाही," एल्मार हसला. "म्हातारा कशाला राबत होता कोण जाणे!"

मला कळलं कशाला. आणि मी त्या माणसाला एकदाही घरात बोलावलं नव्हतं.

"आत चल," मी एल्मारला म्हटलं. "जवाचं सूप गरम आहे."

"पुढच्या खेपेला नक्की, काकू," म्हणत त्याने गाडी सुरू केली.