चित्र अडकलं की

“अडकलं बघ!” तात्या खूश होऊन म्हणाले आणि पलंगावर वाजणारा फोन उचलायला लगबगीने उठले.

मी स्टुलावर चढून त्यांच्या राउटरची वायर तपासत होतो. कन्हेरी-काटेवाडीच्या पट्ट्यात घरोघरी इंटरनेटची लाइन मीच ओढली आहे. चित्र अडकलं की लोक माझा उद्धार करतात. खूश होणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“हितंच हाय मी. चहा घेतला. दारातल्या पेरूला आवंदा लई फळ हाय बघ, तुझी आई असती तर शेजारीपाजारी वाटून दमली असती...”

पलीकडे जर्मनीत ऋषिराज, त्यांचा एकुलता एक. तिकडे जेवणाची सुट्टी झाली की तो मोबाइलवर घरातला कॅमेरा उघडायचा. पडद्यावर तात्या जागच्या जागी थिजायचे. पोरगा काळजीने लगेच फोन लावायचा. मग दोघं चांगली दहा-पंधरा मिनिटं बोलायचे.

तात्या म्हणजे हिंदुराव. सगळी नोकरी वालचंदनगरला कारखान्यात लेथ मशीनवर, मुक्काम कंपनीच्या क्वार्टरमध्ये. निवृत्त झाल्यावर कन्हेरीत दोन खोल्या बांधल्या. ऋषिराजची आई, कौसल्याकाकू गेल्या, तात्या एकटे पडले आणि ऋषिराजने कॅमेरा पाठवून दिला. आता त्याचा मला निरोप होता, घरी आयपीव्ही-सिक्स ही इंटरनेटची नवी पद्धत चालू करून दे.

फोन ठेवल्यावर मी तात्यांना समजावलं. “आत्ता समद्या गावाची लाइन एकाच नंबरावर बाहेर जाती. बाहेरून नेमकं तुमच्या घरात यायला वाट न्हाय. म्हणून कॅमेऱ्याचं चित्र तिसऱ्याच देशातल्या मशिनीला वळसा घालून ऋषीकडं जातं. नव्या पद्धतीत घरातल्या एकेका वस्तूला सोताचा नंबर. सरळ वाट.”

“सरळ वाट चोराला बी सरळच की.”

“कुलूप घालतो ना. ऋषीच्या फोनबिगर दार उघडायचं न्हाय.”

“आन चित्र?”

“काचेगत.”

“अडकणार न्हाय?”

“आजिबात न्हाय.”

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हाताने ती चापली. “मंग त्यो फोन कशापायी करंल रं?”

“करंल की! पोरगा हाय तुमचा,” मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

“घाल मंग त्ये नवं,” तात्या म्हणाले. “त्याचा जीव तरी थाऱ्यावर ऱ्हाईल.”

मी घातलं. चित्र असं स्वच्छ आलं, की भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीखसुद्धा वाचता येते, असं ऋषिराजने लगेच कळवलं. मी मिशीवर ताव देत घरी गेलो.

आठवड्याने शेजारच्या छबूबाईंकडे काम निघालं. तात्यांनी हाक मारून चहाला बसवलं. दाढी केलेली, सदरा धुतलेला, खुर्ची बरोबर कॅमेऱ्यासमोर.

“काय म्हणतो ऋषी?” मी विचारलं.

“बघतो आन जातो. देवळावरनं जाताना हात जोडत्यात, तसं. म्या दिसलो की त्याचं काम झालं.” ते हसले, पण मला त्यांच्याकडे बघवेना. “कामाचं मानूस. त्याचं बी बरोबर हाय.”

तेवढ्यात कॅमेऱ्याचा बारका दिवा हिरवा झाला, म्हणजे तिकडून कोणी पाहत होतं. तात्या उठले. डोक्यावरची टोपी काढली आणि कॅमेऱ्यावर अडकवली.

लगेच फोन वाजला. तात्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो.

“तात्या! एकदम काळं झालं. तुम्ही बरे आहात ना?”

“मला काय हुतंय? अडकलं आसंल तुझं.”

“आता कसं अडकेल? रवीदादाने काय करून ठेवलंय?”

“हितंच हाय की त्यो,” तात्या बोलून गेले आणि त्यांचा चेहरा उतरला. फोन माझ्यापुढे धरला, पण ते माझ्याकडे बघेनात.

माझ्या लाइनला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. नवी पद्धत चांगलीच आहे, घरी घालून घ्या असं मी आजही दारोदार सांगतो. तात्यांच्या घरात आठवड्यात एकदाही चित्र अडकलेलं नव्हतं.

“ऋषीभाऊ,” मी म्हणालो, “पद्धत झकास हाय. आमच्या लाइनीचाच भरवसा न्हाय. ह्या टायमाला दबती, चित्र काळं पडतं. म्हणून बघण्यापेक्षा तात्यांना सरळ फोनच करत जावा.”

“रोज?”

“रोजच म्हना की.”

मी फोन परत दिला. पेरूपासून सुरुवात झाली. माझा चहा संपला तरी बोलणं संपलं नव्हतं.

शेवटी तात्यांनी फोन ठेवला. कॅमेऱ्यावरची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर नीट बसवली.

“रवी,” ते हळूच म्हणाले, “आता तुझ्या लाइनीला लोकं नावं ठिवतील का रं?”

“ठिवू द्या की,” मी म्हणालो आणि दोघांचे कप विसळायला घेतले.