ओल्या हातांचं पाप

"त्रैलोक्यातलं कोणतंही पाप माझ्या नजरेतून सुटत नाही," असं सत्यानंदबाबांनी हर्सूलला आप्पासाहेबांच्या ओसरीवर जाहीर केलं, आणि लगेच आपला चष्मा कुणी पाहिला का, अशी चौकशी केली. चष्मा त्यांच्याच मांडीखाली निघाला. अंगण भरून माणसं बसली होती, पण कुणी हसलं नाही. आप्पासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची नथ हरवली होती आणि बाबांचं निळं कापड चोराच्या मुठीत गुलाबी होऊन त्याला दाखवणार होतं.

त्याच घरात भाड्यानं राहणाऱ्या, शहरातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या उमाबाई मागं उभ्या राहून बघत होत्या. बाबा एकेकाच्या तळहाताला कोरडी विभूती चोळत, मग कापड मुठीत देत. वैशाखाचं ऊन, कापड निळंच राही. शेवटी मागच्या दारी भांडी घासणाऱ्या दगडाबाईला हाक गेली. ती पदराला हात पुसत तशीच आली. तिच्या मुठीत कापड गुलाबी झालं. बाबांनी मंत्र म्हणत ते धुनीवर धरलं, निळं झालं. पुन्हा तिच्या मुठीत दिलं, पुन्हा गुलाबी. मग धुनीवर परत निळं करून त्यांनी ते समोर ठेवलं.

लक्ष्मीबाईंनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

"निजाम गेला, त्या पोलीस ॲक्शनच्या साली लागले मी या घरात," दगडाबाई म्हणाली. "घ्यायची असती तर तवाच्या गडबडीत घेतली नसती का?"

उमाबाई पुढं आल्या. बाबांचा पुढचा मुक्काम कुठं, असं त्यांनी अदबीनं विचारलं. मंगळवारी पडेगाव, बाबा म्हणाले. चातुर्मासात मात्र व्रत असतं, तेव्हा आम्ही कुणाचं पाप बघत नाही.

उमाबाईंना हवं ते मिळालं. त्यांनी आप्पासाहेबांना पाणी पिऊन घ्यायला सांगितलं. आप्पासाहेबांनी माठात तांब्या बुडवला, पाणी प्यायले, आणि त्यांच्या ओल्या हातात उमाबाईंनी बाबांसमोरचं निळं कापड उचलून दिलं. ते गुलाबी झालं. आप्पासाहेबांनी स्वतःच्याच घरात चोरी केल्याचं सिद्ध झालं.

"मी नाय बा," ते घाईनं म्हणाले.

उमाबाईंनी कापड धुनीवर धरून एकोणतिसाचा पाढा म्हटला. मंत्राला लागला होता तेवढ्याच वेळात ते निळं झालं.

"यात कोबाल्टचा क्षार आहे," त्या म्हणाल्या. "कोरडा असला की निळा, पाणी धरलं की गुलाबी. बाकीच्यांच्या हातांचा घाम विभूतीनं टिपला, म्हणून ते निळंच राहिलं. निळ्याचं गुलाबी आणि गुलाबीचं निळं, दोन्ही एकाच वेळी चालू असतं. पाणी वाढलं की पारडं गुलाबीकडं झुकतं, आच दिली की निळ्याकडं. पावसाळ्यात हवाच ओली, अख्खं हर्सूल चोर निघेल. म्हणून महाराजांचं व्रत."

"आणि मंत्राची शक्ती?" बाबांनी डोळे वटारले.

"क्रिया लवकर उरकून देतो त्याला आम्ही उत्प्रेरक म्हणतो. तोही दोन्ही बाजूंना सारखीच घाई करतो, पारडं कुठं थांबायचं ते बदलत नाही. तुमच्या मंत्रानं तर घाईसुद्धा झाली नाही."

आता मात्र अंगण हसलं. नथ शेवटी कुठं ठेवली होती, हे लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं का, असं उमाबाईंनी विचारलं. कुणीच विचारलं नव्हतं. लक्ष्मीबाई विचार करत आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यातून नथ घेऊन आल्या. चोरांच्या भीतीनं त्यांनीच ती तिथं ठेवली होती.

"ओले हात ही कामाची खूण आहे, पापाची नव्हे," उमाबाई म्हणाल्या. "कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी दोन प्रश्न विचारत जा. फुकट असतात."

लक्ष्मीबाईंनी दगडाबाईचा हात धरला. तो अजून ओलसरच होता.

बाबा झोळी आवरू लागले, तशी दगडाबाई जवळ गेली.

"बाबा, त्ये कापड तेवढं ठिवून जावा. गवऱ्या वाळल्या का नाय, ते लई बरं कळंल."