मागचा लाल दिवा

“मामा, आहात ना मागे?” डॅशबोर्डवरच्या फोनमधून भाच्याचा आवाज आला.

“तुझ्या शेपटीलाच आहे. तू पुढे बघ.”

उतारावर धुकं इतकं दाट होतं, की पुढच्या दुधाच्या टँकरचे नेहमीचे मागचे दिवे दिसतच नव्हते. दिसत होता तो कोपऱ्यातला एकच लालभडक दिवा, खास धुक्यासाठी बसवलेला. त्याच्या आधाराने मामा आपला टँकर हाकत होते. अशी सकाळ त्यांना आवडायची. धुक्यात सगळ्यांचेच डोळे सारखे. एरवी त्यांच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग असायचा. तो चष्म्याने जाणार नाही आणि ऑपरेशननेही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मामांनी ते घरी सांगितलं नव्हतं आणि डेअरीतही नाही. गाडी सुटली तर करायचं काय, हे त्यांना सुचत नव्हतं.

वळण संपलं आणि लख्ख ऊन पडलं. मागून आलेली एक छोटी कार मामांना ओलांडून दोन टँकरच्या मध्ये घुसली आणि हॉर्न वाजवू लागली.

“मामा, हा कारवाला हेडलाइट मिचकावतोय. माझ्या मागच्या लाल दिव्यावरून असणार. घालवू का तो?”

“राहू दे. खाली परत धुकं लागेल.”

“कसलं धुकं? मी इथे उन्हात भाजून निघालोय. तुम्हीच शिकवलंत ना, धुकं सरलं की हा दिवा मागच्याच्या डोळ्यांत बोट घालतो म्हणून?”

“आज सांगतोय तेवढं ऐक.”

भाच्याने ऐकलं. कारच्या टपावरून मामांना तो लाल ठिपका दिसत राहिला. रस्ता तिथेच होता, एवढं त्यांना पुरेसं होतं.

पुढच्या वळणावर गाय आडवी आली. भाच्याने ब्रेक मारला. कारवाल्याला ते उशिरा कळलं. टायर किंचाळले ते मामांनी आधी ऐकलं, मग सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. पोटातल्या दुधाने टँकरला पुढे ढकललं, तरी तो थांबला. दोन टँकरच्या मध्ये कार जेमतेम मावून उभी होती. तिच्या मागच्या काचेत काहीतरी हललं. मूल असेल, नाहीतर उशी. मामांना सांगता येईना.

कारवाला उतरून पुढे गेला. फोनमधून सगळं ऐकू येत होतं.

“अरे, हा लाल जाळ कशाला पेटवून ठेवलायस? त्यात ब्रेकचा दिवा कुठे दिसतो? माणसं मारशील एखाद्या दिवशी.”

“चुकलं साहेब. ध्यानात राहिलं नाही.”

मामांचं नाव भाच्याने घेतलं नाही. कार निघून गेली.

“दिवा घालव,” मामा म्हणाले. “आणि इकडे ये.”

भाचा चालत आला आणि दाराच्या पायरीवर चढला. “तोंडाळ होता हो. मनावर घेऊ नका.”

“त्याच्या गाडीत मागे काय होतं रे?”

“दोन पोरी. मला टाटा करत होत्या. कशाचं सोयरसुतक नाही त्यांना.”

“मला उशी वाटली.”

भाचा हसायला गेला आणि थांबला. त्याने मामांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग आपल्या टँकरच्या विझलेल्या दिव्याकडे.

“कधीपासून?”

“बरेच दिवस झाले.”

“मामीला?”

“आज सांगेन.” मामांनी किल्ली काढून त्याच्या हातात दिली. “तू तुझी गाडी रिकामी करून ये. मिळेल त्या गाडीने परत ये, दूध नासायला नको. मग ही डेअरीत नेऊन लाव.”

“आणि तुम्ही?”

“मी कुठे जातोय?”

भाचा गेला. मामांनी टँकर कडेला घेतला नव्हता, हे दोघांच्याही ध्यानात तेव्हाच आलं. भाचा परत आला, टँकर नीट कडेला लावला, चारी दिवे लुकलुकते ठेवले आणि पुन्हा गेला.

मामा पुन्हा स्टिअरिंगमागे बसले आणि त्यांनी सीटखालचा खटका ओढला. भाचा बुटका होता. त्यांनी सीट पुढे सरकवली, आरसा थोडा खाली वळवला. मग उतरून टँकरला वळसा घातला आणि पलीकडच्या दाराने आत चढून बसले. या बाजूला पेडल नव्हती. पाय कुठे ठेवायचे, ते त्यांना बराच वेळ कळेना.