एका पाकिटातली फुलं

डाग पाच पाकळ्यांचा होता, फिक्या चहाच्या रंगाचा, पत्राच्या बरोबर घडीवर – आणि विल्मा अर्धा तास तिथंच अडकली होती, कारण त्याखालची ओळ तिला पुढं जाऊ देत नव्हती. 'बाळाबद्दल मला लिहवत नाही. म्हणायचं ते सोबत ठेवलं आहे, तू ओळखशील.' दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या दलदलीतल्या पाखरांवर, नेच्यांवर वह्याच्या वह्या लिहिणारी केझाया, आणि मुलाच्या मरणावर बहिणीला एवढंच. सोबतचं फूल मात्र पत्रात नव्हतं, त्याचा डाग तेवढा उरला होता.

ते विल्मानंच काढलं होतं. तीस वर्षांपूर्वी, जुन्या कागदपत्रांच्या या संग्रहात नवी कामाला लागली तेव्हा... फुलांमुळं कागद खराब होतो, असं शिकवलेलं. तिनं किती मन लावून एक्केचाळीस पत्रं झाडली, सगळी फुलं एका पाकिटात भरली, वर सुबक अक्षरात लिहिलं – सुकलेल्या वनस्पती, पत्रांतून. कुठल्या पत्रातून, ते लिहायचं सुचलंच नाही.

आता चिमट्यानं एकेक फूल ती डागाशेजारी धरून पाहत होती. पाच पाकळ्यांची नऊ निघाली. बाकीचा भुगा.

"तेव्हा सगळे असंच करायचे," वाचनकक्ष सांभाळणारी रोवेना म्हणाली. "नियमानं वागलीस, बाई. दरोडा नाही घातलास."

विल्मा हसली. तिच्या नीटनेटकेपणाला हसायचा तो ऑरिन, तिचा नवरा – तू मलासुद्धा फाइलला लावशील, म्हणायचा. मार्चमध्ये गेला. घशाच्या आजारानं शेवटचे तीन महिने आवाज नव्हता, बोटांत लिहायची ताकद नव्हती. नुसता वाचायचा, आणि पानांत काहीबाही खुपसायचा, पावत्यांचे तुकडे, औषधाच्या खोक्याची झाकणं, एकदा पीस. हे काय, असं विचारलं तर डोळ्यांनीच सांगायचा – नंतर. एप्रिलमध्ये पुस्तकं गावच्या ग्रंथालयाच्या विक्रीला दिली. लोकांना स्वच्छ मिळावीत म्हणून तिनं प्रत्येक पुस्तक उलटं धरून झाडलं...

चिमटा तिनं खाली ठेवला.

चारशे पुस्तकं. कुठली खूण कुठल्या पानावर, कुठल्या ओळीशी होती, मी एकदाही पाहिलं नाही. खुणा तेवढ्या नीट खोक्यात ठेवल्या, वर तारीख घातली. आणि पावतीचा डाग पडत नाही.

फुलांच्या नोंदीत काय लिहू, रोवेना विचारत होती. ऑरिन काही न सांगता गेला, याचं इतके दिवस तिला दुःख होतं... ते दुःख बरं होतं, असं आता वाटायला लागलं.