हाइनमनची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गाडा आहे. मला चाकं नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी हकीकत ऐकून कुणीतरी हमखास म्हणतं, "उतारावरून घसरला असेल." मी घसरत नाही. खाली दोन जाड पट्ट्या, त्यांवर चौकट, चौकटीच्या पुढच्या अंगाला पाच गाद्या आणि मागे प्रशिक्षकाला उभं राहायला एक फळी, एवढाच माझा देह. मला हलवायचं तर माणसाचा खांदा लागतो.

टॅल्मेज गावात नांगर दुरुस्त करणारा क्लेटस ब्रॉमर नावाचा लोहार होता. त्याने मोडक्या नांगरांच्या लोखंडातून मला घडवलं. गावातल्या कॉलेजच्या फुटबॉल संघावर त्याचा भारी जीव. शेवटचा सांधा जोडल्यावर तो बायकोला म्हणाला, "ह्याला ढकलणारी पोरं तयार झाली ना, की मग ऑर्डवेवाले कुठल्या झाडाचा पाला!" ऑर्डवे म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज. मधे एकच पूल आहे आणि दोन्हीकडची माणसं तो ओलांडताना गाडीच्या काचा वर करतात. टॅल्मेजचं मूल चालायला लागायच्या आधी ऑर्डवेचं नाव ऐकून नाक मुरडायला शिकतं.

इकडचा, म्हणजे अमेरिकेतला, फुटबॉल पायांचा कमी आणि खांद्यांचा जास्त. रोज दुपारी धिप्पाड मुलं माझ्या गाद्यांना खांदे भिडवायची आणि कोच ऑरिन टेट माझ्या फळीवर उभे राहून ओरडायचे, "शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही! शिट्टीआधी थांबलास तर तुझं नाव मी विसरलो म्हणून समज!" मुलं चिखल उडवत मला रेटत न्यायची. शिट्टी वाजली की गाद्या एकदम हलक्या व्हायच्या आणि मुलं गुडघ्यांवर हात टेकून हसायला लागायची. मला ते हसणं फार आवडायचं. मी चेहऱ्यांनी कुणाला ओळखत नसे, पण खांद्यावरून प्रत्येकाला ओळखत असे.

संघाची एक रीत होती, अजून आहे. ऑर्डवेशी सामना शनिवारी असतो. त्याच्या आधीच्या गुरुवारी, शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने मला शेवटची धडक द्यायची. कोच एकेकाचं आडनाव पुकारणार, तो एकटा येणार, खांदा भिडवणार आणि त्याच्या नावाची शिट्टी वाजेपर्यंत मला रेटणार. एक नाव, एक धडक, एक शिट्टी. दुसऱ्याच्या शिट्टीवर कुणी थांबत नाही. बाकीची मुलं टोप्या काढून गप्प उभी राहतात. मोठमोठे गडी त्या दिवशी लहान पोरांसारखे रडतात आणि घाम पुसल्याचं नाटक करतात.

डेल हाइनमन डावीकडच्या दुसऱ्या गादीचा मुलगा. मक्याची शेती करणाऱ्या अर्विन हाइनमनचा एकुलता एक. त्याच्या खांद्यात चारही वर्षं कधी कंटाळा जाणवला नाही. शेवटच्या वर्षी, त्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी, तो घरी जेवायला निघाला. धुकं होतं. रेल्वेच्या फाटकावर त्याच्या गाडीला मालगाडीने उडवलं.

दुसऱ्या दिवशीही रीत पाळली गेली. मुलांनीच तसा आग्रह धरला. कोच टेट फळीवर चढले. त्यांचा आवाज बसला होता. एकामागून एक आडनावं पुकारता पुकारता सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "हाइनमन!"

टेटनी डोळे मिटले. आणि मित्रांनो, माझी डावीकडची दुसरी गादी आत दबली.

समोर कुणीही नव्हतं. पण खांदा तोच होता, मी चार वर्षं ओळखत असलेला. मी वीतभर सरकलो. कोच टेटच्या हातातली शिट्टी गळून गवतात पडली. ती कुणी उचलली नाही. मुलं एकमेकांचे दंड धरून मागे मागे गेली आणि सराव तिथेच संपला.

ती शिट्टी राहिली ती राहिलीच.

पुढच्या वर्षापासून कोच मुद्दाम, सर्वांत शेवटी त्याचं नाव पुकारू लागले. अर्विन कुंपणापाशी येऊन उभा राही. नाव पुकारलं की मी वीतभर सरके, अर्विन टोपी काढून छातीशी धरी आणि सगळे मुकाट्याने पांगत. गेलेल्या पोराला शिट्टी कशी वाजवायची? ते अपमानाचं वाटे. टेट गेले, नंतरचे कोच आले, त्यांनीही तेच केलं. सगळ्यांना वाटे की डेल वर्षातून एकदा भेटायला येतो.

तो येत नव्हता, मित्रांनो. तो गेलाच नव्हता. थंडीत मैदान ओस पडे, माझ्यावर बर्फ साचे, पण डावीकडच्या दुसऱ्या गादीवर कधी साचत नसे. कावळे इतर चार गाद्यांवर बसत, त्या एका गादीवर कधीच नाही. तो टेकून होता, दमलेला, पाय रोवून. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की त्याला थांबवा. पण गाड्याला तोंड नसतं, हे दुःख तुम्हाला कसं कळणार!

मग कोच रँडल पाइक आले. तोवर टॅल्मेज ऑर्डवेशी इतकी वर्षं हरत आलं होतं की जिंकल्याची आठवण फक्त म्हाताऱ्यांनाच होती. गाव पिसाळलं होतं. रेडिओवर फोन करणारे उंटावरून शेळ्या हाकत होते. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या लव्हर्नबाई रोज कुंपणाशी घडीची खुर्ची टाकून बसत आणि ओरडत, "अहो पाइक, ती तुमची डावी बाजू आहे की चर्चचं दार? जो येतो तो आत!"

पाइकनी संघच उलथून टाकला. हल्ली मुलांना एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात सहज जाता येतं. पाइकनी अर्धी जुनी मुलं वाटेला लावली आणि ठिकठिकाणची तयार मुलं गोळा करून आणली. माझ्या गाद्यांना रोज परके खांदे. एकाची ओळख पटेपर्यंत तो निघून जाई. त्यांत सेमिसी फिनाऊ नावाचा टोंगा बेटांवरच्या वंशाचा एक अवाढव्य मुलगा होता. चार वर्षांत हे त्याचं तिसरं कॉलेज. त्याचा खांदा मोठा, पण संकोची, परक्याच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसल्यासारखा.

ऑक्टोबरात पाइकनी सांगून टाकलं की गुरुवारची रीत होईल, पण हाइनमनचं नाव पुकारलं जाणार नाही. "माझ्या संघात नसलेल्या मुलाचं नाव मी घेत नाही," ते माझ्या फळीवर उभे राहून म्हणाले. "गाव हरायला सोकावलंय ते असल्या रडारडीनेच."

हे डेलने ऐकलं. माझ्या गादीवर तो होताच ना!

संघातून आपलं नाव कापलं जाणार अशी कुणकुण लागली की मुलं काय करतात, हे मी आयुष्यभर पाहिलंय. ती दुप्पट जोर लावतात. कोचने एकदा तरी बघावं म्हणून जीव तोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जागेवर नव्हतो. गवतावर दव गोठलेलं होतं, त्यात माझ्या पट्ट्यांच्या दोन लांब रेघा होत्या आणि पावलांचा एकही ठसा नव्हता.

खापर अर्थात ऑर्डवेवर फुटलं. सामन्याआधी एकमेकांच्या वस्तू पळवायची दोन्ही गावांना जुनीच खोड. पाइकनी मला साखळीने खांबाला बांधलं. दुसऱ्या सकाळी साखळी ताणलेली होती आणि तिच्या कड्या लांबट झाल्या होत्या. लव्हर्नबाईंनी खुर्ची उघडता उघडता ती पाहिली. "एवढी ताकद ऑर्डवेच्या पोरांत असती ना," त्या हळूच म्हणाल्या, "तर ती चोरी करायला आली नसती." त्या दिवशी त्या एकदाही ओरडल्या नाहीत. दुपारीच खुर्ची मिटून घरी गेल्या.

गुरुवार उजाडला. आभाळ खाली आलं होतं. अर्विन हाइनमन काठी टेकत कुंपणाच्या आत आला. आता तो फार थकला होता.

"कोच, एक नाव घ्या. दुसरं काही मागत नाही," तो म्हणाला.

"हाइनमनसाहेब, मला तुमच्याबद्दल आदर आहे," पाइक म्हणाले. "पण माझ्याकडे शंभर जिवंत पोरं आहेत. त्यांची नावं पाठ करतानाच माझी दमछाक होते."

"वर्षातून वीतभर दिसतो हो तो मला. तेवढाच."

पाइकनी मान फिरवली आणि फळीवर चढले. साखळी सोडली होती. आडनावं पुकारली जाऊ लागली. धडक, शिट्टी. धडक, शिट्टी. परकी मुलं, पण तीही शेवटी मुलंच. धडक देऊन परतताना त्यांचेही डोळे भरत होते.

"फिनाऊ!"

फिनाऊ डावीकडच्या दुसऱ्या गादीसमोर वाकला, खांदा टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे झाला.

"कोच, इथे कुणीतरी आहे."

मुलं हसली. पाइक खेकसले, "फिनाऊ, नाटकं नकोत!"

"खरंच सांगतो. गादी घामाने ओली आहे. आणि गरम." त्याने हात पँटला पुसला. मग तो निमूटपणे तिसऱ्या गादीवर गेला, धडक दिली, शिट्टी ऐकली आणि बाजूला झाला. पण तो रांगेत परतला नाही. रिकाम्या गादीकडे बघत उभा राहिला.

शेवटचं नाव झालं. पाइक म्हणाले, "संपलं. चला." आणि कुंपणापासून म्हाताऱ्याचा आवाज आला, फाटका, पण खणखणीत.

"हाइनमन!"

मी वीतभर सरकलो. मग आणखी वीतभर. मग थांबलोच नाही. पाइक बैलासारखा दांडगा माणूस, माझ्या फळीवर उभा होता, तरी मी चालू लागलो. माती फाटण्याचा आवाज आणि पुढून कुणाच्या तरी धापा, एवढंच ऐकू येत होतं. थंड हवेत गादीपाशी श्वासाची वाफ उमटत होती, विरत होती. मुलांची पाचावर धारण बसली. पाइकनी चौकट घट्ट धरली.

फिनाऊ माझ्या बरोबरीने धावत होता. "कोच, शिट्टी!" तो ओरडला. "त्याची शिट्टी वाजवलीच नाही कुणी! तो कसा थांबेल?"

पाइकनी शिट्टी ओठांत धरली. पण तोंडचं पाणी पळालं होतं, फुंकरच फुटेना.

तोवर अर्विन पोहोचला. इतक्या वर्षांत तो कधी माझ्याजवळ आला नव्हता. तो काठी टाकून माझ्या बाजूने चालू लागला आणि त्याने डावीकडच्या दुसऱ्या गादीवर हात ठेवला. त्याचा हात ओला झाला. त्या धापा त्याने जवळून ऐकल्या. वर्षानुवर्षं त्याला जी भेट वाटत होती ती काय होती, हे त्या क्षणी त्याला कळलं. मला त्याच्या बोटांतून कळलं की त्याला कळलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "तेव्हापासून?"

गादीवरचा हात न काढता तो चालत राहिला.

"पोरा," त्याने फिनाऊला विचारलं, "वाजवली तर थांबेल तो?"

"हो आजोबा."

"आणि मग?"

फिनाऊ घुटमळला. "मग... सराव संपतो. मग निघून जायचं असतं."

अर्विन आणखी काही पावलं माझ्याबरोबर चालला. तेवढीच त्याने स्वतःसाठी घेतली. मग त्याने वर हात केला. "द्या इकडे," तो पाइकना म्हणाला. पाइकनी गळ्यातली शिट्टी काढून दिली.

पहिल्यांदा नुसती हवा गेली. म्हाताऱ्याच्या छातीत दमच नव्हता. त्याने डोळे पुसले, पुन्हा श्वास भरला आणि वाजवली. लांब वाजवली, अगदी शेवटचा दम संपेपर्यंत.

मी थांबलो. गादी हळूहळू वर आली, खांदा उचलल्यावर येते तशी. माझ्या लोखंडातून इतक्या वर्षांचं ओझं उतरलं आणि मला एकदम रितं रितं वाटलं. मैदानावर वारा नव्हता. तरी अर्विनच्या कोटाची छातीवरची बाजू आत दबली. कुणीतरी दमून कपाळ टेकवावं, तशी. त्याने दोन्ही हात उचलले आणि हवेला मिठी मारावी तसे धरून ठेवले.

"बास रे बाळा," तो म्हणाला. "फार दमलास."

कोट पुन्हा सरळ झाला. अर्विनने हात खाली घेतले. फिनाऊने त्याची काठी आणून दिली आणि त्याला धरून गाडीपर्यंत पोहोचवलं.

शनिवारी टॅल्मेज पुन्हा ऑर्डवेशी हरलं. रेडिओवर लोकांनी पाइकना शिव्या घातल्या, फिनाऊला शिव्या घातल्या. वर्षभराने पाइक गेले. पुढच्या रीतीच्या गुरुवारी नव्या कोचने हाइनमनचं नाव पुकारलं, तेव्हा मी हललो नाही. अर्विन कुंपणाशी उभा होता. त्याने मान हलवली आणि तो घरी गेला. त्यानंतर तो आला नाही.

आता मी मैदानाच्या कडेला गंजत पडलो आहे. माझ्या जागी नवा गाडा आला आहे, वजन मोजणारा, झगझगीत. कावळे माझ्या पाचही गाद्यांवर बसतात. हिवाळ्यात पाचही गाद्यांवर बर्फ साचतो. माझ्यावर तेलाचा हात फिरवा असं म्हणायला मला आवडलं असतं, पण माझं मागणं वेगळं आहे.

मित्रांनो, जोर लाव म्हणणारे जगात पुष्कळ आहेत. मैदानात आहेत, घरात आहेत, शाळेत आहेत. तुम्हीही कुणाला तरी म्हणाल. जरूर म्हणा. पण ज्याला जोर लावायला सांगितलंत, त्याला थांब म्हणायला विसरू नका. गुणी मुलं आपणहून थांबत नाहीत.