फूटपट्टीची दारं

चौदावं डोकं आपटलं ते निवृत्त कंडक्टरचं.

त्याआधीच्या तेरा डोक्यांत एक शाळामास्तर होता, दोघे दूधवाले भाऊ होते आणि एक जाडजूड बाई होती. तिला घर बघायच्या आधी पाणी मारून शुद्धीवर आणावं लागलं. सुतारीण प्रत्येकाला दारातच सांगायची, "वाका हं!" आणि माणसाची जात अशी, की वाका म्हटलं की ती आधी वर बघते. का वाकायचं ते बघायला. तेवढ्यात चौकट कपाळावर बसलेली असते. कंडक्टरनेही तेच केलं.

"आई गं!"

"सांगितलं होतं मी, वाका म्हणून."

"अहो ताई, घर बघायला आलोय मी, शिक्षा भोगायला नाही," कंडक्टर कपाळ चोळत म्हणाला. त्याच्या मागे त्याची बायको होती. ती बेताच्या उंचीची, सरळ आत गेली आणि तिला काहीच कळलं नाही की नवरा का बोंबलतोय.

सुतारीण नुकतीच शेतातून पळत आली होती. परक्याच्या रानात खुरपणीला जायची ती. गिऱ्हाईक कधी येईल याचा नेम नाही, म्हणून रोज उजाडताच घर झाडूनपुसून लख्ख करायची. मग दुपारी दलालाचा निरोप आला की खुरपं तिथेच टाकून धावत यायची. पायाला पोटरीपर्यंत काळी चिकट माती. पुसलेल्या फरशीवर पहिले ठसे तिचेच उमटायचे. मुकादम म्हणायचा, "बाई, तू घर विक नाहीतर तण काढ, एक काहीतरी कर." अकरा महिने हे चाललं होतं, आणि आता तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

गावातली सूतगिरणी बंद पडून दोन वर्षं झाली. गल्लीत निम्म्या भिंतींवर खडूने लिहिलेलं होतं, घर विकणे आहे. पावसाने अक्षरं पुसली की मालक पुन्हा गिरवायचे. विकायला सगळे तयार, घ्यायला कुणी नाही. ज्याच्याकडे पैसे होते तो ते उराशी धरून बसला होता, कारण उद्या काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. गिरणी बंद, लग्नं थांबलेली, नवीन घरं कोण बांधतोय? मग सुताराला काम कुठलं? म्हणून तिचा नवरा शहरात फर्निचरच्या कारखान्यात लागला. तिथे फळ्यांच्या थप्प्यांमध्ये झोपायचा. खोली घ्यायची तर खोलीवाले आधी अनामत मागतात, आणि अनामत कुठून आणायची, तर घर विकून. तोवर तो तिकडे भुशात आणि ही इकडे चिखलात. बावीस वर्षं एकत्र राहिलेली माणसं. तिला महाल नको होता. दोघं राहतील अशी एक खोली हवी होती, बस.

गावात त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे. सुतार म्हणूनही आणि उंचीवरूनही. आणि बायको त्याच्यापेक्षा चांगली हातभर उंच, म्हणून तिला म्हणायचे शिडी. दोघं रस्त्याने निघाली की पोरंसोरं ओरडायची, "शिडी-फूटपट्टी कामाला निघाली!" त्यांना राग यायचा नाही. निदान तेव्हा यायचा नाही.

दलाल कंडक्टरसोबत आला होता. काहीही विचारलं की "उद्या बघू" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच पडलं होतं उद्याबघू. तो स्वतः अंगणातच थांबला. आत जाऊन त्याने दोनदा कपाळ फोडून घेतलं होतं.

कंडक्टरच्या बायकोने सैपाकघर बघितलं, खिडकी उघडझाप केली, फडताळावर हात फिरवला. "लाकूडकाम किती सुंदर आहे हो," ती म्हणाली. "एकही फट नाही."

सुतारिणीचा चेहरा उजळला. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी कपाळ न चोळता बोलत होतं.

"घर चांगलंय," कंडक्टर म्हणाला, "पण किमतीत जरा वाका."

"तुम्हाला दारात वाका म्हटलं तर राग येतो, आणि मी मात्र वाकायचं?"

"तुम्ही एकदाच वाकणार ताई. आम्हाला जन्मभर वाकायचंय!"

यावर सगळे हसले. सुतारीण हसत हसत वाकली. जेवढं वाकायचं ठरवलं होतं त्याच्या दुप्पट वाकली. मग कंडक्टर बाहेर आला, यावेळी नीट खाली मान घालून, आणि म्हणाला, "पुढचं दार उंच करून द्या. रविवारी झालं तर सोमवारी मी पैसे घेऊन येतो. शब्द म्हणजे शब्द."

सुतारिणीने उद्याबघूच्याच फोनवरून नवऱ्याला फोन लावला.

"दार उंच करायचंय."

"कुठलं दार?"

"आपलं. पुढचं."

तिकडे करवतीचा आवाज थांबला. "का? त्या दाराला काय झालं?"

"लोकांची डोकी आपटतात त्याला!"

"दार मापात आहे," तो म्हणाला. "माणसं मापाबाहेर आहेत."

"तुम्ही रविवारी येताय की मी स्वतः पहार घेऊ?"

तो आला. पहिल्या बसने आला, हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन. दोन महिन्यांनी बघत होती ती त्याला. गालफडं बसली होती, केसांत भुसा तसाच. तिला वाटलं होतं, आला की आधी चहा देऊ, शेजारी बसू. पण तो आला तो थेट चौकटीपाशी गेला, तिच्यावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "हिला हात लावायचा?"

झालं. तिचा तोल गेला.

"आणि मला नाही का लावायचा हात? अकरा महिने मी या घरात एकटी बसलेय, या चौकटीचं तोंड बघत! गिऱ्हाईक येतं, आपटतं, जातं. येतं, आपटतं, जातं!"

"एका लाकडाची चौकट आहे. सांधा दाखव मला यात कुठे दिसतोय का. वर तोडली तर भिंत तडकेल."

"तडकू द्या! बावीस वर्षं तुम्ही मला सांगताय, हंगाम झाला की उंच करून देतो. आठवतंय? मी या घरात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा रक्त निघालं होतं कपाळातून. तुमची आई म्हणाली, नवी नवरी बघून चालत नाही!"

यावर तो जरा ओशाळला. खरं काय घडलं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. लग्न ठरलं तेव्हा त्याने तिला बसलेलीच पाहिली होती. घर बांधायला काढलेलं. दारं करायची वेळ आली तेव्हा त्याने मध्यस्थ मामीला विचारलं, मुलगी किती उंच आहे? मामीला लग्न मोडू द्यायचं नव्हतं. म्हणाली, अगदी तुझ्याएवढी. मग या शहाण्याने काय केलं, भिंतीला पाठ लावून उभा राहिला, डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारली, वर वीतभर सोडलं आणि घरातली सगळी दारं त्या मापाची केली. पाच दारं. लग्नाच्या दिवशी नवरी गाडीतून उतरून उभी राहिली, आणि मांडवातली माणसं सांगतात, ती उभी राहतच राहिली.

"मामीने फसवलं मला," तो पुटपुटला.

"आणि मला कुणी फसवलं? मला वाटलं, सुताराच्या घरी चाललेय, दारं तरी धड असतील!"

शेजारची आत्या कुंपणावरून हे ऐकत होती. ऐकत होती म्हणजे उघडउघड ऐकत होती, सूप हातात घेऊन. तिने मध्येच तोंड घातलं. "अरे भांडू नका रे. ती तुझ्याजवळ राहायला मिळावं म्हणून ओरडतेय, कळत कसं नाही तुला?"

फूटपट्टीने पेटी उघडली, पटाशी काढली, आणि कामाला लागला.

चौकट तोडायला तो तयार होईना. म्हणाला, भिंत फोडतो, चौकट अख्खी काढतो, उंबऱ्याखाली विटांचे दोन थर देतो आणि तशीच वर बसवतो. कापणार नाही. चालेल, ती म्हणाली. मग दोघांनी मिळून दुपारपर्यंत काम केलं. तो पहार मारायचा, ती विटा उचलून अंगणात रचायची. अंगणात रात्रीच्या पावसाचं पाणी साचलेलं, तिच्या पायाखाली चिखल नुसता पचपचत होता. पण कामात मजा होती. तो वर चढून खिळा काढायला धडपडायचा तेव्हा ती सहज हात वर करून काढून द्यायची. "याच कामासाठी तर तुला केली," तो म्हणाला, आणि तिला हसू फुटलं. अकरा महिन्यांत ती दोघं एवढी बोलली नव्हती.

चौकट निघाली. दारासकट अंगणात भिंतीला टेकवून ठेवली. घराच्या तोंडावर एक मोठं भगदाड पडलं होतं.

तेवढ्यात उद्याबघू आला. सायकलवरून उतरला नाही, एक पाय जमिनीला टेकवून उभा राहिला. त्यावरूनच तिने ओळखलं.

"वहिनी," तो म्हणाला, "कंडक्टर नाही म्हणतोय."

"म्हणजे?"

"त्याच्या पोराची नोकरी गेली काल. कंपनीने गेटवरच यादी लावली. म्हणतो, पैसा हातात राहिलेला बरा, पुढचं कुणी पाहिलंय. वाईट वाटून घेऊ नका म्हणाला."

"शब्द म्हणजे शब्द, म्हणाला होता ना?"

"म्हणाला होता. दिवसच तसे आहेत. दुसरा कुणी बघू. उद्या—"

"उद्या म्हणालास तर ही पहार घालीन डोक्यात!" सुतारीण इतक्या जोरात ओरडली की आत्याच्या हातातलं सूप पडलं. उद्याबघूने पायडल मारलं आणि तो दिसेनासा झाला.

ती विटांच्या ढिगावर बसली. तिला रडूही येत नव्हतं, इतका संताप झाला होता. कुणावर करायचा तो, हेच कळत नव्हतं. कंडक्टरवर? त्याच्या पोरावर? गिरणीवर? घर विकलं जात नव्हतं एवढंच नाही, आता त्याला पुढचं दारही नव्हतं. नवऱ्याला संध्याकाळच्या बसने परत जायचं होतं. मालकाने एकच दिवस दिला होता.

"बसवतो परत," फूटपट्टी हळूच म्हणाला. "होती तशी. दोन तासांचं काम."

"आणि मग?"

तो पटाशीला लागलेली माती पुसत राहिला.

रस्त्यावर एक टेम्पो थांबला. मागे जुनी कपाटं, खिडक्या, मोडके खांब बांधलेले. जुन्या लाकडाचा व्यापारी होता, रिकामी घरं पडलेली गावं हुंगत फिरणारा. हल्ली त्याचाच काय तो धंदा जोरात होता. तो उतरला, चौकटीपाशी गेला, बोटाने ठोकून बघितली, नखाने खरवडली.

"विकायचीय का?"

"नाही," फूटपट्टी म्हणाला.

"केवढ्याला?" सुतारीण म्हणाली.

व्यापाऱ्याने आकडा सांगितला. घराला चौदा गिऱ्हाइकांनी एवढा खरा, रोख, हातात दाखवलेला आकडा कधी सांगितला नव्हता.

"अशी किती आहेत आत?"

"आणखी चार," ती म्हणाली.

"पाचही देत असाल तर आत्ता पैसे मोजतो. लाकूड फर्स्टक्लास आहे. दार म्हणून काही चालणार नाहीत, बुटकी आहेत. पण शहरात हॉटेलवाले टेबलं करतात अशांची. वर काच टाकायची, झालं."

"टेबलं?" फूटपट्टीचा आवाज चिरकला. "यावर ताटं ठेवून जेवणार लोक?"

"चांगली जेवतील. महागाचं हॉटेल आहे."

तो बायकोकडे वळला. "घर गेलं असतं तर चाललं असतं गं मला. घरात दुसरं कुणी राहिलं असतं. पण ही दारं..." त्याने पुन्हा चौकटीवर तळहात ठेवला. बावीस वर्षांत तिने त्याला असा कधी पाहिला नव्हता. क्षणभर तिला वाटलं, राहू दे, म्हणावं.

"खोलीची अनामत यात भागते?" तिने विचारलं.

त्याने मनात हिशेब केला. मान हलवली.

"मग काढा."

काढली. व्यापाऱ्याने मदत केली नाही, तो टेम्पोत बसून विडी ओढत राहिला. उरलेल्या चारही चौकटी फूटपट्टीने स्वतः काढल्या, एकही टवका उडू न देता, जणू त्या कुणाच्या तरी घरी पुन्हा दारं म्हणूनच लागणार होत्या. शेवटची टेम्पोवर चढवताना त्याने दोरी स्वतः बांधली. व्यापाऱ्याची गाठ त्याला पटली नव्हती.

मग भराभर आवराआवर. भांडी दोन गोण्यांत, कपडे एका चादरीत. खुरपं मुकादमाचं होतं, ते आत्याच्या हवाली केलं. संध्याकाळच्या बसला अजून घटकाभर वेळ होता. वाऱ्याने घरभर धूळ आणि पालापाचोळा यायला सुरुवात झाली होती, आडकाठी करायला कुठे काही नव्हतंच. आत्याची कोंबडी पुढून आत गेली आणि मागून बाहेर आली.

आत्या डोळे पुसत रस्त्यापर्यंत आली. "पोरी, असं उघडं टाकून चाललीस? ना दार, ना कडी. उद्या कुणी शिरलं आत, तर?"

सुतारिणीने गोणी डोक्यावर घेतली, नवऱ्याच्या हातातली पेटी एका बाजूने धरली.

"शिरू दे की आत्या," ती म्हणाली. "फक्त पळून जायच्या आत त्याला गाठ आणि सांग, घर विकायचंय म्हणावं."