बिननावाचा धवला

दुकानदारांना वेबसाइट बांधून द्यायची आणि क्लासवाल्यांची ऑनलाइन शिकवणी सुरू करून द्यायची, हा रंजिताचा धंदा. पनवेलच्या एसटी स्टँडमागे तिची एक खोली होती. मिठाईवाल्यापासून मेहंदीवालीपर्यंत सगळ्यांना तिनं इंटरनेटवर चढवलं होतं. पण विचुंब्याच्या गोदूआत्याला कॅमेऱ्यापुढं बसवायचं? राम राम! त्यापेक्षा डबक्यातली म्हैस उठवणं सोपं.

गोदूआत्या म्हणजे धवलारीण. आगऱ्यांच्या घरी धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई. तिच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन, आणि नंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. म्हणून रंजितानं हा घाट घातला होता. धवले आधीच रेकॉर्ड करून ठेवायचे, मग मुली ते ऑनलाइन वर्गात शिकतील.

पण खरं सांगायचं तर रंजिताला एक वेगळंच दुःख होतं. तिनं निनादशी कोर्टात सह्या करून लग्न केलं, तेव्हा आत्या रुसली ती रुसलीच. गावातल्या पोरीबाळींची लग्नं जिनं लावली, तिनं सख्ख्या भाचीचा धवला काही गायला नाही. दुसऱ्याच्या हळदीला धवला सुरू झाला की रंजिता काहीतरी निमित्त काढून मांडवाबाहेर पडायची. आता तो आवाजच जायला निघाला होता.

दुपार टळटळीत होती. नाही-हो करत आत्या एकदाची रंजिताच्या खोलीवर येऊन बसली होती. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा उगाच फुगत होता.

"आत्या, गा आता," रंजिता हेडफोन चढवत म्हणाली.

"नवरी कोन?"

"कोणी नाही. नावापाशी नुसतं थांबायचं. शिकणारी तिथं हवं ते नाव घालील. वेबसाइट बांधताना आम्ही अशीच रिकामी जागा सोडतो."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अगो येडे! मांडव घातला नि नवरीच नाय? बिननावाचा धवला मी गायची नाय."

"मग घे ना कुठलंही नाव!"

"कुटलंही? लगीन काय खेल हाय?"

झालं! आत्यानं पिशवी उचलली आणि तरातरा दारापर्यंत गेली. आता सगळं संपलं, असं वाटून रंजिताचे डोळे भरून आले. आत्यानं मागं वळून पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून पुन्हा येऊन बसली.

"चालू कर तुजा डबा," ती म्हणाली आणि गायला लागली.

"चौकावरी बसली गो, रंजिता आमची नवरी... निनाद जावई आला गो, उभा मांडवाच्या दारी..."

खोलीला जणू हळद लागली. भिंती कुठंतरी लांब सरकल्या. रंजिताला आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव दिसला, कपाळावर मुंडावळ्या टेकल्यासारख्या वाटल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आत्याच्या आवाजाची हिरवी रेघ वरखाली होत होती आणि तिच्यावरून बायका ताटं घेऊन चालल्या होत्या. धवला संपला तरी तिला बटण दाबायची शुद्ध नव्हती.

ऑपरेशन पार पडलं. आवाज मात्र गेला, नुसती कुजबुज उरली.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी आत्या रंजिताशेजारी येऊन बसली. पडद्यावर चौकोनाचौकोनातून पोरी उगवल्या. कोणी कामोठ्याची, कोणी उरणची, एक तर थेट मस्कतहून. रंजितानं बजावून सांगितलं होतं, आपापल्या नवरीचं नाव घाला म्हणून. पण ऐकून ऐकून पाठ केलेलं ते, बदलतंय कुठलं! सगळ्या एका सुरात गायला लागल्या, "चौकावरी बसली गो, रंजिता आमची नवरी..."

"अगं बायांनो, ते नाव बदलायचं..." रंजिता म्हणायला गेली. आत्यानं तिचं मनगट घट्ट धरलं आणि कानाशी तोंड आणलं.

"गप ऱ्हा," ती कुजबुजली. "लग्नात नवरी बोलत नाय."